भोंग्यानं गिळलेला ‘ल’

मी भोंगा बोलतोय. बोरगावच्या विहाराचा भोंगा. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत माझ्याएवढा दणदणीत आवाज कोणाचा नव्हता. मी बोललो की बैल कान टवकारायचे आणि रडणारी पोरं गप्प व्हायची. आता खरं सांगून टाकतो. त्यातला एक शब्दही माझा नव्हता, आणि पोरं गप्प व्हायची ती भिऊन.

जन्म माझा नागपूरचा, अल्युमिनियमच्या पत्र्याचा. गळा अरुंद आणि तोंड भलं मोठं. अशा बांध्याचा माणूस असता तर निवडणुकीला उभा राहिला असता. मला पांढुर्ण्याच्या नत्थूजी मंडपवाल्यानं आणलं. लग्नात मी ‘वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसावं’ म्हणायचो, आणि स्वतः झाडावर उपाशी टांगलेला असायचो.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. एका शाळेच्या छपरावर वर्षभर होतो. खाली पोरं पाढे म्हणायची. बारापर्यंत शिकलो, आणि तेराच्या दिवशी मशीन जळलं. अजूनही मला तेरा सक किती ते विचारू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, नत्थूजी मला जाम नदीच्या काठावर बांधायचा. एका अंगाला पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला सावरगाव, मधून गोटे भिरभिरून राहिलेले, आणि मी आपला ओरडतोय, “बंधूंनो, शांतता राखा!” एका साली सावरगावकडून एक गोटा आला तो नेमका माझ्या ओठावर. शांतता राखा म्हणणाऱ्याचं तोंड आधी फुटतं, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

त्या पोच्यानं माझी बोली बिघडली. काही अक्षरं साफ निघायची, काही खर्र करून घशातच राहायची. लग्नवाले तक्रार करू लागले. मग नत्थूजीनं मला बोरगावच्या विहाराला दान दिलं. दान म्हणजे काय, दुसरं कोणी घेत नव्हतं.

विहार लहान, टिनाच्या छपराचा. बाजूला कडुनिंब, आणि त्याच्या फांदीवर मी. समोरच दादारावचं घर. इतकं समोर, की त्यांच्या भाजीत मीठ किती पडलं तेही मला कळायचं.

दादाराव म्हणजे पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बगीच्यातला गडी. साठीला आलेला, पण खोड्या विशीच्या. कोणाची चप्पल झाडावर टांग, कोणाला खोटाच पाहुणा आला म्हणून शेतातून पळव. आम्हा दोघांची जात एकच, नुसतं तोंड. त्याच्या तोंडात मात्र दिवसभर तंबाखू. बायको लीलाबाई सांगून सांगून थकली. उन्हाळ्यात ती त्याला ओढतच सौंसरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं बत्ती लावून पाहिलं. गालाच्या आतून पांढरा डाग. म्हणाला, “तंबाखू सोडा. डाग अजून साधा आहे, जाऊ शकतो. नाही सोडली तर पुढं नागपूरला न्यावं लागेल.”

दादाराव घरी येऊन लीलाबाईला म्हणाला, “डॉक्टरची बत्तीच पांढरी होती वो.”

त्र्याऐंशी सालचा आषाढ. त्या वर्षी आमच्या विहारात भंतेजी वर्षावासाला राहिले. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “या तीन महिन्यांसाठी प्रत्येकानं एक नेम धरा. तुमचा तुम्ही निवडा. शेजाऱ्यासाठी निवडू नका.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी उगाच नव्हतं म्हटलं. खाली बसलेल्या साऱ्या बाया आपापल्या नवऱ्यांचे नेम मनात ठरवून आल्या होत्या.

एकेक जण माईकसमोर येऊ लागला. मी वरून ऐकतोय. गुणवंतानं संत्रं सोडलं. आषाढात संत्र्याच्या झाडावर हिरव्या गोट्या असतात हो! वर्षावास सरला तरी त्या पिवळ्या होत नाहीत. सौंसरच्या नगरपालिकेत चपराशी असलेल्या देवीदासनं चहा सोडला. माईक, मशीन, बटन सारं त्याच्याच हातात. दुसऱ्या दिवसापासून तो दूध, साखर आणि पत्ती उकळून पिऊ लागला आणि त्याला काढा म्हणू लागला. पुष्पानं जावेशी, म्हणजे शोभाशी, भांडण सोडलं. तीन महिने दोघींत अबोला झाला, कारण दुसरं बोलायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग भंतेजींनी आठ शीलं समजावून सांगितली, पालीत आधी, अर्थ मागून. सहावं आलं, ‘विकालभोजना वेरमणी’. अवेळी जेवायचं नाही, दुपारी बारानंतर अन्न नाही. पण पावसाचा सडाका तेव्हाच टिनावर आदळला. दरसाल उपवास धरणाऱ्यांना अर्थ ठाऊकच होता, बाकी कोणाला तो ऐकू गेला नाही, आणि शब्द आला तो माझ्या फुटक्या ओठातून. ‘विका’ साफ निघालं, मग खर्र, मग ‘भोजना’. मधला ‘ल’ मी गिळला.

दादाराव दाराशी बसला होता. त्याच्या कानात गेलं ‘विकत भोजना’.

आणि त्याचा चेहरा उजळला! सारं गाव त्याच्याकडे पाहत होतं, आता हा तंबाखू सोडतो की नाही म्हणून. लीलाबाईनं तर श्वास रोखला होता. याला आयती पळवाट सापडली. विकतचं खायचं नाही. सौंसरच्या स्टँडवरची भजी तेवढी गेली, आणि पावसाळ्यात सौंसरला जातो कोण! उठला आणि माईक धरला.

“ते सहावं आहे ना भंतेजी, ते माह्यं. पूरे तीन महिने!”

भंतेजींनी काळजीनं विचारलं, “दादाराव, तुम्ही शेतात राबणारा माणूस. झेपेल?”

“घरी लीलाबाई असताना काहून नाही झेपनार जी?”

“साधू! साधू! साधू!” साऱ्या विहारानं म्हटलं. बायांनी लीलाबाईकडे आदरानं पाहिलं. नवऱ्यानं हे कसं घेतलं, तिला काही समजेना.

दिवस कलताना दादाराव हातपाय धुऊन पाटावर बसला. “वाढ वो.”

“काय वाढू?” लीलाबाई म्हणाली. “साऱ्या गावासमोर सहावं घेतलं ना तुमी?”

“मंग? मी विकतचं सोडलं. घरच्या भाकरीनं काय केलं?”

लीलाबाईनं कपाळाला हात लावला, मग चौकट धरली, आणि मग खाली बसून पोट धरून हसली. “अजी, विकत नाही, विकाल! बारानंतर जेवाचं नाही, विकतचं नाही अन् घरचंबी नाही!”

दादारावनं रिकामं ताट हळूच मागं सारलं.

“भंतेजीले सांगा, भूल झाली म्हणून,” ती डोळे पुसत म्हणाली.

“अख्खं बोरगाव हासन.”

“हासू द्या ना.”

“लोकाले मी हासवतो,” दादाराव म्हणाला. “लोकं मले हासत नसतात. अन् तू कोणाले सांगशीन तं पाहा!”

झालं. स्वतःच्या शब्दात माणूस अडकला. सकाळी साडेअकरालाच चार भाकरी हाणायचा, मग संत्र्याखाली अजगरासारखा पडायचा. चार वाजले की पोट माझ्याहून मोठ्यानं ओरडायचं, आणि ‘ल’ गिळलेला मी टांगल्या टांगल्या ओशाळायचो. कारण भूक मारायला तो तंबाखू मळायचा. आधी चार दिवस पुरणारी पुडी आता एका दिवसात संपू लागली. लोक म्हणायचे, दादाराव सुधारला, कसा गंभीर झाला! गंभीर कसला, भुकेला.

लीलाबाईचं हसू आठ दिवसांत सरलं. एके सकाळी त्यानं मिरचीचा ठेचा तोंडात घातला आणि गाल धरून उठला. त्याच दिवशी निंदण करता करता तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खाली बसला, उठता येईना. ती त्याला पाण्याचा गडवा देताना म्हणाली, “आतातरी चाला भंतेजीकडं.” त्यानं मान हलवली, ती नाही म्हणून.

दोन दिवसांनी, रविवारी, भोजनदानाची पाळी लीलाबाईची होती. तिनं भंतेजींना अकरा वाजता जेवण वाढलं. देवीदास दुपारच्या ग्रंथवाचनासाठी मशीन तपासून काढा प्यायला गेला होता. विहारात ती आणि भंतेजी दोघंच. आणि तिचं बोलणं सुरू झालं तसं ते माझ्या तोंडातून साऱ्या बोरगावावर पडू लागलं. बटन चालू! देवीदासची भूल म्हणा, नाहीतर माझं नशीब. मी मनाशी ठरवलं, आज खर्र करायचं नाही. आणि शपथ सांगतो, त्या दिवशी एक अक्षर अडखळलं नाही.

“भंतेजी, त्याहीनं सहावं घेतलंच नव्हतं जी. त्याहीले ‘विकत भोजन’ ऐकू आलं. भजी सोडाले निघाले अन् भाकर सोडून बसले. आता लाजेनं मांगं येत नाहीत. पोटात अन्न नाही अन् तोंडात दिवसभर तंबाखू. डागाची आग होऊन राहिली. मले हसू येते जी, अन् लय भेवबी लागते. या नेमानं माह्या माणूस मले राह्यला नाही, तं मी कोनाले हासू?”

शेतात वाकलेली माणसं उभी राहिली. आधी कोणीतरी फुसकन हसलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा हसणाऱ्यांनी हातातली खुरपी खाली ठेवली.

दादाराव बगीच्यातून धावत निघाला, हातात विळा तसाच. मागून अर्धं गाव. विहाराच्या दाराशी तो थांबला, धापा टाकत. भंतेजींनी विचारलं, “दादाराव, तुम्हाला काय ऐकू आलं होतं?”

“विकत, जी.”

भंतेजींच्या खांद्यावरचं चीवर हलू लागलं. भंतेजी हसत होते! मग सारं अंगण हसलं. दादारावनं मान खाली घातली. आणि गर्दीतून गुणवंता म्हणाला, “हासता कायले रे? मले तं ‘बेकार भोजना’ ऐकू आलं होतं. म्हणलं, माह्या बायकोच्या सयपाकाची गोठ भंतेजीले कोनं सांगतली!”

आता मात्र दादारावही हसला, पार खोकला लागेपर्यंत. लोक त्याला हसत होते, आणि त्याचं काही झालं नव्हतं. छपरही जागच्या जागी होतं.

भंतेजी म्हणाले, “न समजता घेतला तो नेम नव्हेच. सोडून द्या. राबणाऱ्या माणसानं संध्याकाळी जेवावं. आज जेवा, उद्या समजून काय निवडायचं ते निवडा.”

त्या दिवशी ऊन असतानाच लीलाबाईनं दारात पाट टाकला, सगळ्यांना दिसेल असा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कांदा. दादाराव जेवला. मी हजार पंगती पाहिल्यात, पण इतक्या सुखानं कोणाला भाकर मोडताना पाहिलं नाही. लीलाबाई समोर बसून नुसती वाढत होती.

दुसऱ्या सकाळी तो वंदनेच्या आधी माईकसमोर आला. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी त्यानं देवीदासच्या हातात ठेवली. म्हणाला, “आजच्या दिवस नाही. उद्याचं उद्या सांगीन.”

आणि रोज सकाळी येऊन सांगू लागला. “आजबी नाही.” कधी म्हणायचा, “काल एकडाव चुकलं. पुडी देवीदासनंच देल्ली, त्याचंबी नाव लिहा.” माझ्या तोंडातून त्या माणसानं खरं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाचव्या सहाव्या आठवड्यात चुकणं बंद झालं. चिडचिड केली, बडीशोप चघळली, लीलाबाईशी रोज भांडला, पण सकाळी माईकसमोर हजर.

आश्विन पौर्णिमेनंतर दोघं सौंसरला गेले. डॉक्टरनं बत्ती लावली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. डाग गेला होता. गाडीतून उतरल्यावर लीलाबाई सरळ विहारात गेली आणि बुद्धासमोर वाकली ती किती तरी वेळ उठलीच नाही. दादाराव बाहेर निंबाखाली उभा राहून नाक शिंकरत होता. सर्दी झाली म्हणे.

सहा वर्षं झाली त्याला. विहाराला आता दोन नवे भोंगे आलेत, त्यांचे सारे ‘ल’ शाबूत आहेत. मला भंगारात काढणार होते. दादारावनं मागून घेतलं. आता मी त्याच्या अंगणात आडवा पडलोय आणि माझ्या तोंडात एक तांबडी कोंबडी अंडी घालते. आयुष्यभर तोंडातून आवाज काढला, आता अंडी निघतात. लोकांना हेच जास्त उपयोगाचं वाटतं.

बाबांनो, म्हाताऱ्या पत्र्याचं एवढं ऐका. नेम जरूर धरा, पण आधी त्याचा अर्थ विचारा. आणि सोडायचं तर जे खरंच सुटत नाही ते सोडा. आषाढात संत्रं कोणीही सोडतं.

कालचीच गोष्ट. दादाराव खाटेवर बसून मला थोपटत होता. लीलाबाई सुपात तूर पाखडत होती. तो म्हणाला, “माह्या जीव या भोंग्यानं वाचवला वो. त्या दिवशी देवीदास बटन बंद कराले भुलला नसता, तं मी कधी तोंड उघडलं नसतं.”

ऐकून माझा पत्रा तापला अभिमानानं.

लीलाबाईनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, “देवीदास काहून भुलन? तो बंद करूनच गेला होता. मंग म्याच दाबलं.”