एका ग्राहकास एकच

सवलतीच्या मोठ्या दुकानात शिरताना आम्ही चौघं एकमेकांचे कोणीही नसतो. हा नियम माझा.

गाडी उभी केली की नातं तिथेच संपतं. आधी आमचे हे आत जातात, पाच मिनिटांनी मुलगा, मग सून आणि शेवटी मी. चार ट्रॉल्या, चार रांगा. एकमेकांशी बोलायचं नाही, बघून हसायचं नाही, आणि 'घरी साबण आहे का गं' असं तर मुळीच विचारायचं नाही. कारण तिथल्या प्रत्येक सवलतीखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'एका ग्राहकास एकच'. आता एका ग्राहकास एक म्हणजे चार ग्राहकांस चार, एवढं गणित मलाही येतं.

यांना तर हा खेळ भारी आवडतो. छत्तीस वर्षं संसार करून पुन्हा अनोळखी व्हायला मिळतं, म्हणून असेल. एकदा मुद्दाम माझ्याच रांगेत मागे उभं राहून म्हणाले, "काय हो बाई, तुमची रांग हलते का?" मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मात्र चांगलं फैलावर घेतलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. त्याला सांगितलेलं काम मुकाट्याने करायची सवय आहे.

अडचण होती ती सुनेची. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. पोर गुणी, पण सोंग म्हणून वठवता येत नाही. लग्न होऊन आली तेव्हा आठ महिने तिने मला कुठलीच हाक मारली नाही. समोर येऊन उभी राहायची आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबायची. मी तोंडाने काही म्हटलं नाही, पण मनातून रोज वाट बघायचे. मग एके दिवशी बाथरूमचा नळ तुटला, पाणी छतापर्यंत उडालं आणि ती ओरडली, "आई, लवकर या!" मी नखशिखांत भिजले. पण खोटं कशाला सांगू, थेंब थेंब वाचवणारी मी, मला इतका आनंद झाला की पाणी बंद करायचं सुचलंच नाही.

आणि आता महिनाभरापासून दोघं वेगळं घर बघत होते. तिच्या कामाच्या जागेजवळ दोन खोल्या मिळत होत्या. घरमालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. पण शनिवारी सकाळी चहा घेताना ती मुलाला म्हणाली, "मला काही एवढी घाई नाही. इथे आई आहेत, बाबा आहेत. राहू या की." मी उगाचच ओटा पुसायला उठले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोणाला दिसायला नको होतं.

त्याच रविवारी दुकानात तेलाचा पाच लिटरचा डबा निम्म्या किमतीत होता. एका ग्राहकास एकच, आणि तेही माल संपेपर्यंत. मी सगळ्यांना सकाळी सकाळी उठवून गाडीत कोंबलं. सून म्हणाली, "आई, काहीतरी खाऊन घ्या." मी म्हटलं, "खाणं पळून जातंय का? तेल पळून जाईल." झालं. उपाशीपोटी पाऊण तास रांगेत उभी राहिले. दुकानातला भोंगा 'आज आपण किती वाचवलंत?' असं विचारत होता, आणि मी मनातल्या मनात आकडा मांडत होते. तेवढ्यात डोळ्यांसमोर अंधारी आली. ट्रॉलीचा दांडा हातातून सुटला, आणि मी बसकण मारली ती सरळ आडवीच झाले.

शुद्ध गेली नव्हती. सगळं ऐकू येत होतं, दिसतही होतं. ग्राहक सेवेचा बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली. "आजी, आजी, बरोबर कोणी आहे का तुमच्या?" आजी म्हणे! अजून नातवंडाचा पत्ता नाही आणि हिने मला आजी करून टाकलं. तिने मान वर करून सगळ्यांना विचारलं, "या बाईंबरोबर कोण आलंय?"

तिसऱ्या रांगेत आमचे हे होते. त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. किती दिवे लागलेत ते मोजत असावेत. मुलगा एक पाऊल पुढे आला आणि थांबला. माझ्याकडे बघत होता, येऊ का, असं विचारत. मी डोळ्यांनीच दटावलं. माझ्या दोघांनाही वळण चांगलं लावलंय मी. इतकं चांगलं लागलंय हे मात्र मलाही तेव्हाच कळलं.

सून मात्र रांग सोडून, ट्रॉली सोडून पळत आली. "आई! आई, काय होतंय तुम्हाला?" खाली बसून तिने माझ्या डोक्याखाली हात घातला.

"या तुमच्या कोण?" बिल्लेवालीने विचारलं.

"सासूबाई आहेत माझ्या."

माझी नजर तिच्या ट्रॉलीकडे गेली. तेलाचा डबा तसाच होता, बिल व्हायचं होतं. आणि माझी जीभ, जळो मेली ती, माझ्या आधी बोलून मोकळी झाली.

"काहीतरीच! मी नाही ओळखत हिला."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लोकांचे डोळे तपासताना बघत असेल तसं, जवळून आणि नीट. मग आपली ओढणी काढून, घडी करून माझ्या डोक्याखाली सरकवली आणि हात काढून घेतला. "सॉरी," ती बिल्लेवालीला म्हणाली, "मला वाटलं, माझ्या ओळखीच्या आहेत." आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मला आतल्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. साखरपाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. अशी सेवा तर माझ्या माहेरीसुद्धा कधी झाली नव्हती. जरा हुशारी आली तशी बिल्लेवाली हसून म्हणाली, "आजी, त्या तुमच्या सूनबाईच ना?"

मी पेल्यातलं उरलेलं साखरपाणी पिऊन टाकलं.

"तुम्ही चौघं दर रविवारी एकाच गाडीतून येता. दारावरच्या कॅमेऱ्यात दिसतं की! आम्ही तुमची वाटच बघत असतो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मग कधी अडवलं का नाही?"

"आमचे साहेब म्हणतात, येऊ द्या त्यांना. एका डब्यासाठी चार ट्रॉल्या भरून नेतात. असे ग्राहक शोधून सापडायचे नाहीत."

"अगं पण मग आधी सांगायचं तरी! निदान मघाशी, मी खाली पडले होते तेव्हा!"

"छे, छे! ग्राहकाला अवघडल्यासारखं होईल असं काही बोलायचंच नाही, असं शिकवलंय आम्हाला." आणि तिने ओढणी माझ्या हातात दिली. "ही त्यांना द्याल ना?"

मी बाहेर आले तेव्हा तिघंही गाडीपाशी उभे होते. चारही डबे मागे ठेवून झाले होते. माझाही डबा यांनीच रांगेत पुन्हा उभं राहून आणला होता. मोठा पराक्रम! मी कोणाकडे न बघता सरळ सुनेकडे गेले. "चुकलं गं माझं. माझ्या जिभेला हाड नाही. तू धावत आलीस आणि मी..."

"असू द्या हो, काकू," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. टोमणा नव्हता त्यात, चिडणं नव्हतं. चष्मा घ्यायला आलेल्या कुठल्याही बाईशी बोलावं तसं. "बरं वाटतंय ना आता? तुम्ही पुढे बसा."

मुलाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गाडीचं दार उघडलं. घर दोन वळणांवर राहिलं असताना तिने फोन लावला. "नमस्कार. हो, त्या दोन खोल्यांबद्दलच. आम्ही घेतोय. एक तारखेपासून." फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. ओढणी माझ्या मांडीवरच होती. ती द्यायलाही माझा हात उठेना.

घरी आल्यावर यांनी चारही डबे ओट्याखाली ओळीने लावले. थोडं मागे सरून, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

"काय गं," हे म्हणाले, "एवढं तेल आपल्या दोघांना संपायचं तरी कधी?"