एकशेचाळीस नंबर

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं, मासळीच्या पेट्या टेम्पोत चढल्या, त्यांच्यावर बर्फ पडला, ताडपत्री आवळली गेली, आणि बाबलीचा टेम्पो काही तोंडवलीच्या वाळूवरून हलेना. इंजिन चालू होतं. चाकं रुतलेली नव्हती. नुसता पहिला गिअर पडत नव्हता. बापाच्या बाजूच्या सीटवर जानकी बसली होती. बाबलीचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता, खांदा पुढे झुकला होता, मानेची शीर तट्ट फुगली होती, आणि दांडा रुसलेल्या बैलासारखा जागच्या जागी.

"बाबली, बरफाचा पाणी झाला रे," मागून काशीबाई म्हणाली. तिची मासळी रोज याच टेम्पोतून आचऱ्याच्या बाजारात जायची, म्हणून बोलायचा हक्क तिचा पहिला. "मासो आता गाडयेतच शिजवन नेतलंस काय?"

"गाडी जड झाली गो," बाबली खिडकीतून म्हणाला. "तेल दाट आसा. इंजिन तापला काय पडतलो."

"तुझी गाडी तापासर माका सांज होतली."

रापणकार हसले. मग त्यातलाच एकजण पुढे आला, खिडकीतून हात घालून त्याने दांडा ढकलला. कर्रर्र करून गिअर पडला. त्यालाही जोर लावावा लागला, हे सगळ्यांनी बघितलं. "शिरा पडो ह्या गाडयेर," तो हात झटकत म्हणाला. "खराच जड आसा."

बाबलीने मान हलवली. जानकीला वाटलं, बाबांना जरा बरं वाटलं. का ते तिला तेव्हा कळलं नाही.

गणपतीच्या आधी बाबलीच्या अंगावरून वारं गेलं होतं. तोंड सरळ झालं, पाय हळूहळू ताळ्यावर आला, डावा हात मात्र मागे राहिला. सपाट रस्त्यावर तो कसेबसे गिअर टाकायचा, वाळूवर आणि चढावर अडायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो टीव्हीच्या मागे धूळ खात पडला होता. "हाताक काय झाला नाय," बाबली म्हणायचा. "गाडी जड झाली." आणि गाव त्याच्यामागून तेच म्हणायचं. गाडी जड झाली. बाबलीची गाडी जड झाली.

त्या संध्याकाळी आईने, सुगंधाने, भाताचं ताट पुढे ठेवता ठेवता सांगून टाकलं. रविवारी बांद्याचा भाई गाडी बघायला येणार होता. जुन्या गाड्या घ्यायच्या नि विकायच्या, हाच त्याचा धंदा. आणि ठाण्याच्या मामाने बाबलीसाठी एका बिल्डिंगच्या गेटवर काम बघून ठेवलं होतं.

"काय करूचा थय?" बाबलीने विचारलं.

"बसान ऱ्हवाचा. गाडी इली काय दांडो वर करूचो."

"गिअरचो दांडो काढून घेवन गेटचो दांडो दितंस माका?" बाबली हसला, पण घास तसाच हातात राहिला. "तो तरी हलात मां माझ्यान?"

"बटणार आसा तो," सुगंधा म्हणाली. "एक बोट पुरता."

एक बोट पुरतं. जानकीने ताट बाजूला सारलं. ज्या माणसाने भरती चढत असताना खाडीच्या तोंडाशी रुतलेली गाडी एकट्याने बाहेर काढली होती, त्याने ठाण्याला जाऊन बटण दाबायचं.

"आये, रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "गाडी चांगली चालली तर इकू नको. दोष गाडयेत आसा, बाबात नाय. मी काढतंय तो."

दिवाळीआधीची जानकी असं बोललीच नसती. तिचं कोपर बाकाला चिकटलेलं असायचं, उत्तर येत असूनही हात वर जायचा नाही. पण मध्ये नववीतर्फे विज्ञान प्रदर्शनात घर्षणावर बोलायला तिला उभी केली, कारण ठरलेली मुलगी तापाने पडली, आणि ही जी बोलत सुटली ती घंटा वाजली तरी थांबेना. तालुक्यात पहिली आली. त्या दिवसापासून जगातली प्रत्येक अडचण तिला आधी नीट समजून घ्यायची आणि मग सोडवून टाकायची गोष्ट वाटायला लागली होती.

सुगंधाने तिचं ताट परत तिच्यापुढे ओढलं. "काढ," ती म्हणाली.

"बाबा, गिअरबॉक्सात तेल खयचा आसा?"

"एकशेचाळीस नंबर," बाबली ताटाकडे बघत म्हणाला. "रापणीर जाणारे सगळे ताच घालतत. खाऱ्या पाण्यात दाट तेल सुटणा नाय."

हे खरं होतं. गाडी वाळूवर जाते, लाट चाकांखालून फिरते, खारं पाणी कुठून तरी आत शिरतं. म्हणून किनाऱ्यावरच्या टेम्पोवाल्यांचा ठाम समज, की तेल जितकं दाट तितकी गाडी सुरक्षित. मागच्या चाकांच्या मधला जो गोळा असतो, ज्याला गॅरेजात हौसिंग म्हणतात, त्यात एकशेचाळीस घालायचं, आणि उरलेलं गिअरबॉक्समध्ये. एकाच डब्यातून दोघांचं जेवण.

जानकीने मोबाईल घेतला, गाडीची पुस्तिका घेतली, आणि झोप येईपर्यंत वाचत बसली. सकाळी उठली ती उत्तर घेऊनच. हौसिंगला दाट तेल चालतं, कारण तिथले दाते एकमेकांना घासत फिरतात. पण गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग एक करायचं काम त्या करतात, आणि त्यासाठी त्यांना थोडं घर्षण लागतं. तेल फार दाट असेल तर त्या तेलातच रुततात, दांडा अडतो. घर्षण! तिचाच विषय. तिला भर अंगणात नाचावंसं वाटलं.

"बाबा, तेलच चुकीचा आसा," तिने सांगितलं. "ऐंशी-नव्वद व्हया. बदलूया."

बाबली पडवीत दात घासत होता. "ऱ्हवांदे गो," तो म्हणाला. "ह्या गाडयेक ताच तेल लागता."

"पुस्तिकेत लिवलेला आसा, बाबा."

"पुस्तिका करणारो वाळयेत इलो होतो काय कधी?"

एरवी या वाक्यावर ती हसली असती. पण तिच्याकडे बोलायला इतकं काही होतं की बापाचं तोंड नीट बघायला वेळच झाला नाही.

आचऱ्याच्या तिठ्यावरच्या दुकानात तिने तेल मागितलं तेव्हा दुकानदाराने आधी तिच्या शाळेच्या दप्तराकडे बघितलं.

"नव्वद दिव की एकशेचाळीस?"

"ऐंशी डब्ल्यू नव्वद. जीएल चार."

"चार कित्याक? पाच घे. पाच नंबर चारापेक्षा भारी."

"हौसिंगाक भारी," जानकी म्हणाली. "पाचात दात्यांसाठी जा औषध घालतत, ता पितळेक खाता. माझ्या गिअरबॉक्सात पितळेच्यो रिंगा आसत."

"खयच्या कॉलेजात आसस गो तू?"

"नववीत."

दुकानदाराने मुकाट्याने मागच्या फळीवरून चार नंबरचा कॅन काढून, फुंकर मारून धूळ उडवली. जानकी तो कॅन छातीशी धरून एसटीत बसली. तिला वाटलं, आपण बाबांचा हातच धरून बसलो आहोत.

तेल बदलायला गुरुप्रसाद फिटर घरी आला. त्याने टेम्पो आधी एक फेरी मारून तापवून आणला, मग गिअरबॉक्सच्या बुडाचा नट सोडला. तेल पडेना, लोंबत राहिलं. काकवीसारखं. गुरुप्रसादने ते दोन बोटांवर घेऊन उन्हात चोळलं, पितळेचा चुरा चमकतो का बघायला.

"पितळ नाय. रिंगा वाचल्यो," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मी बाबल्याक तेवाच सांगलंय, ह्या गिअरबॉक्सात घालू नको. आयकलो नाय. आपणच डबो घेवन इलो होतो."

"कधी?"

"हॉस्पिटलातसून इलो त्याच आठवड्यात. त्याच्या आधी नव्वदच घाली तो."

"बाबांका काय कळता तेलातला," जानकी हसून म्हणाली.

गुरुप्रसाद हसला नाही. तो बाबलीच्या बरोबरचा, गाडी त्याने नवी होती तेव्हापासून बघितलेली. तो वरच्या बोल्टच्या भोकातून नवीन तेल भरत राहिला, तोंडाशी ओघळ येईपर्यंत. मग बोल्ट आवळून टेम्पो रस्त्यावर नेऊन आणला.

"ये, तू बघ," तो म्हणाला. त्याने क्लच दाबून धरला, आणि जानकीने दोन बोटांनी दांडा ढकलला. पहिला. दुसरा. तिसरा. कुठे अडकणं नाही, कुठे कुरकुर नाही. जणू आतल्या गिअरला बाहेरून हाक मारली की पुरे.

"बाबा," ती धावत पडवीत गेली. "येवन बघ. माझ्या बोटांनी पडता."

बाबली खांबाला टेकून उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं. "बरा झाला," तो म्हणाला. "उद्या बघतंय."

उद्या वारा होता, रापण पडली नाही. परवा बाबलीचं डोकं दुखत होतं. त्या दिवशी मासळी दुसऱ्याच्या गाडीतून गेली, आणि काशीबाई वाटेत म्हणाली, "गाडी बरी झाली म्हणतत, मगे दारात कित्याक गो?" जानकीला पहिल्यांदाच शंका आली. पण रविवार आला की सगळं दिसेल, असं तिने स्वतःला समजावलं.

रविवारी बांद्याचा भाई आला. गुरुप्रसादने टेम्पो आधीच किनाऱ्यावर वाळूत नेऊन ठेवला होता. गोरा, थुलथुलीत, बोलायला गोड. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वाळयेतसून वर काढून दाखवा. पेट्यो भरून. आणि मालकानच चालवची, माका तशीच सवय आसा."

"दाखव, बाबा," जानकी म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे बाजूला चढून बसली. आता हा भाई बघेल, आई बघेल, काशीबाईसुद्धा बघेल. तिने ओढणी कमरेला खोचली, का कोण जाणे, जणू गाडी तीच ओढणार होती.

बाबलीने क्लच दाबला. डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. बोटं मुठीच्या वरच्या गोळ्यावर आली आणि घरंगळून खाली गेली. त्याने परत ठेवली. दांडा हलला, आणि बोटं मागेच राहिली. दांडा अडला नव्हता. जानकी अगदी जवळून बघत होती. दांडा कुठेही अडला नव्हता. हात वेळेवर मिटतच नव्हता.

बाबलीने स्टिअरिंगवरचा उजवा हात काढून, अंगाला पीळ देऊन, आडवा आणला आणि पहिला टाकला. टेम्पो निघाला. वाळू संपून चढ लागला, इंजिन ओरडायला लागलं, दुसरा हवा होता. परत उजवा हात सुटला. स्टिअरिंग मोकळं झालं, टेम्पो सुरूच्या झाडांकडे वळला, आणि जानकीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं. गाडी दचके खात बंद पडली. मागे पेट्या एकमेकींवर आपटल्या.

रापणकार होते, काशीबाई होती. कोणी एक शब्द टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं. गाडी जड आहे, असं आता कोणाच्याने म्हणवत नव्हतं.

"होता असा," भाई मऊ आवाजात म्हणाला. "मी बघतंय." बाबली उतरला. भाई चढला, आणि टेम्पो चढावरून वर गेला, वळला, परत आला. उतरताना भाईचं तोंड फुललं होतं. "जुन्या गाडयेचे असले गिअर मी बघूक नाय. लोणी आसा लोणी. वैनी, हयच्या हय घेवन जातंय."

सुगंधाने बाबलीकडे बघितलं. बाबली एका पालथ्या होडीच्या काठावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसला होता. त्याने मागे न बघताच मान हलवली.

जानकी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तेल चुकीचा आसा, ता माका ठावक होता गो," बाबली म्हणाला. "मीच घातलंय."

"कित्याक, बाबा?"

त्याने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कोणाची वस्तू ठेवावी तसा. "दाट तेलान सगळ्यांकच गिअर जड येता. मगे माझ्यान पडलो नाय, तर लोक म्हणत, गाडी जड झाली." जरा थांबून तो म्हणाला, "कोण माझ्या हाताबद्दल बोला नाय."

जानकीने तोंड फिरवलं. तिने दुकानात पाच नंबर नाकारला होता. तिने पितळेच्या रिंगा वाचवल्या होत्या. तिचं सगळं बरोबर होतं. एक जरी गोष्ट चुकली असती, दुकानातून एकशेचाळीस आणलं असतं, पडवीत बाबांचं ऐकलं असतं, तर आज भाईने गाडीला नावं ठेवली असती आणि रिकाम्या हातांनी बांद्याला गेला असता.

"बाबा, मी…"

"तुझा काय चुकला नाय," बाबली म्हणाला. "बरा काम केलंस. माझ्यानंतर कोणी तरी नीट चालयतलो ती."

मागे रापणकार पेट्या उतरवायला लागले, भाईने गाडी सुरू केली. बाबलीने कान टवकारले, तेवढ्यापुरता तो पूर्वीचा बाबली झाला.

"कॅनात तेल उरला आसा मां?"

"हां. थोडा."

"ता तेका दी. आणि सांग, एकशेचाळीस घालू नको. रापणवाले सांगतले, तरी घालू नको."

जानकी घराकडे धावली, कॅन घेऊन आली, आणि टेम्पोच्या मागून वाळूत पाय रुतवत पळत गेली. भाईने खिडकीतून हात काढून कॅन घेतला. तिने सगळं सांगितलं, कोणतं तेल, कुठे घालायचं, कुठे नाही, दम लागला तरी सांगितलं. भाई "हां बाय, हां" म्हणत होता. मग टेम्पो चढाला लागला. पहिल्यावरून दुसरा पडला, दुसऱ्यावरून तिसरा, एकाही गिअरचा आवाज झाला नाही.

ती वळली. बाबली तिथेच बसला होता, पाठ रस्त्याकडे. काशीबाई रिकामी पाटी घेऊन त्याच्याजवळ उभी होती आणि काहीही बोलत नव्हती.