एक्टमीची दोरी

टायरच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत छतालगत दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि कपडे वाळत घालावेत तसे त्यांवर इंग्रजी शब्द वाळत घातले होते. प्रत्येक दोरीच्या सुरुवातीला लाल शाईत काही अक्षरे असत. पुढे चिमट्यांनी अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या प्रत्येक शब्दात ती अक्षरे त्याच क्रमाने येत. शब्द जितका लांब, तितका त्याचा मान मोठा. ‘टी-आय-ओ-एन’ची दोरी भाराने मधोमध लोंबकळे आणि उंच मुलांच्या डोक्याला लागे. ‘ओ-एल-ओ-जी-आय-एस-टी’च्या दोरीवर ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट हा शब्द दोन कार्डे जोडून टांगलेला होता, कारण एका कार्डात तो मावला नव्हता.

ही पद्धत ताईंच्या धाकट्या भावाची. शब्दस्पर्धेत एकजण शब्द वाचतो आणि मुलांनी तो अक्षर-अक्षर करून सांगायचा असतो. अक्षरांचा एक तुकडा जिभेवर बसला की त्याच्या मागोमाग पन्नास शब्द आयते येतात, हे भावाने शोधून काढले होते आणि ह्या शोधावर त्याच्या वर्गाने सलग काही वर्षे ढाली पटकावल्या होत्या. वर्गाचा एकमेव नियम दारावर ठळक अक्षरांत लावलेला होता: अर्थ विचारू नये, वेळ जातो.

शब्द वाचून दाखवण्याचे काम ताईंकडे होते. शब्दांचा उगम आणि त्यांचे अर्थ कसे बदलत गेले, ह्या विषयात त्यांची हयात गेली होती. पुढे विद्यापीठाला तो विभाग परवडेनासा झाला, म्हणजे त्या जागेवर उपाहारगृह बांधायचे ठरले, आणि ताई भावाच्या वर्गावर आल्या. मृत भाषांच्या अभ्यासकाला जिवंत भाषा मारण्याच्या कारखान्यात नोकरी मिळावी, ह्यातली गंमत त्यांना पहिल्या वर्षी जाणवली होती. नंतर त्या गमतीचाही कंटाळा आला. त्यांचा उच्चार मात्र स्वच्छ, घोटीव आणि निर्विकार होता. भाऊ पालकांना अभिमानाने सांगे, ‘आमच्या ताईच्या तोंडून शब्द कसा टाकसाळीतून पडल्यासारखा पडतो.’

गेले काही महिने टाकसाळ बिघडली होती. आवाज आधी बसला, मग चिरका झाला, मग मध्येच गायब होऊ लागला. भावाने खोकल्याच्या गोळ्यांचा डबाच आणून ठेवला. शेवटी ताई स्वतःच दवाखान्यात गेल्या. तेथील डॉक्टरीणबाईंच्या दारावरच्या पाटीवर ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट असे लिहिलेले होते. हजार वेळा उच्चारलेला तो शब्द ताईंना त्या दिवशी प्रथमच प्रत्यक्ष भेटला.

‘मी घशाची डॉक्टर,’ बाई साधेपणाने म्हणाल्या, आणि तपासण्या झाल्यावर तोच साधेपणा सोडून त्यांनी एक लांब शब्द उच्चारला. मग विचारले, ‘सोबत कोण आहे? ऑपरेशनच्या दिवशी सहीला जवळचं माणूस लागेल.’

जवळचे माणूस एकच होते. ताई परतल्या तेव्हा ते माणूस कानाशी खांद्याने फोन दाबून कात्रीने कार्डे कापत होते. फोन संपेपर्यंत ताई थांबल्या.

‘छोट्या, जरा ऐक. दवाखान्यात जाऊन आले.’ छोट्याचे केस कधीच मागे सरले होते, पण नाव सरकले नव्हते.

‘हं. काय म्हणतात?’

‘सोमवारी टोटल लॅरिंजेक्टमी करायची म्हणतात.’

कात्री थांबली. ताईंना वाटले, पोहोचले.

‘परत म्हण.’

ताई परत म्हणाल्या. भावाचा अंगठा बोटांच्या पेरांवर भराभर फिरला. ‘बारा अक्षरं! आणि एक्टमीच्या दोरीत चपखल! टोटल धरलं तर सतरा. यंदा जोडशब्दही चालतात, नियम वाचलेस ना? कमाल आहे तुझी, ताई. डॉक्टरकडे रांगेत बसूनसुद्धा डोकं दोरीवर!’

‘सोमवारी,’ ताई म्हणाल्या.

‘सोमवारी कशाला? आत्ताच लावतो की!’ आणि त्याने खरोखरच कार्ड लिहिले, फुंकर मारून शाई वाळवली आणि स्टुलावर चढून ते टांगले.

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला असता, पण रागालाही थोडे बळ लागते. चूक आपलीही होती, हे त्यांना कळत होते. ‘छोट्या, माझा आवाज कापून काढणार आहेत,’ असे सरळ म्हणता आले असते. डॉक्टरीणबाईंप्रमाणे त्याही लांब शब्दाच्या आडोशाला उभ्या राहिल्या होत्या. आणि ह्या खोलीत लांब शब्दाचे काय करतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

नंतर दोनदा त्यांनी विषय काढला. एकदा पालक आले, एकदा गोंद सांडला.

शुक्रवारी दुपारी एक्टमीच्या दोरीचा सराव होता. पहिल्या बाकावर तोफ बसली होती. ही वर्गाची सर्वांत मोठी आशा. श्वास न घेता वीस अक्षरे डागायची, म्हणून हे नाव पडले होते.

‘टॉन्सिलेक्टमी,’ ताईंनी वाचले. तोफेने उडवले.

‘थायरॉयडेक्टमी.’ तेही उडाले.

‘कोलेसिस्टेक्टमी,’ म्हणताना आवाज मधोमध फाटला. मागच्या बाकावरचा जाड्या पुटपुटला, ‘रेडिओचा सेल गेला.’

‘गप रे!’ तोफ ओरडली. ‘ताई, पुन्हा म्हणा ना. अर्धाच आला.’

ताईंनी पुढचे कार्ड पाहिले. भावाचे टपोरे अक्षर अजून कोरे करकरीत दिसत होते. त्यांनी तोंड उघडले, नुसती हवा बाहेर आली. पाण्याचे दोन घोट घेऊन त्यांनी हातातली छडी खाली ठेवली.

‘अर्थ सांगा,’ त्या म्हणाल्या.

कोणीतरी दारावरच्या पाटीकडे चोरून पाहिले.

‘कशाचा?’ तोफेने विचारले.

‘कशाचाही. ही दोरी किती दिवस पाठ करताय?’

‘ताई, अर्थ स्पर्धेत नसतो,’ तोफ समजुतीच्या सुरात म्हणाली. वृद्ध माणसांशी असेच बोलावे लागते.

तेव्हा ताई उठल्या आणि दोरीच्या टोकापासून एकेका कार्डाला बोट लावत निघाल्या. आवाज कमी होता, म्हणून मुले पुढे झुकली. ‘ह्यात घशातल्या गाठी कापून काढतात. ह्यात पित्ताची पिशवी. ह्यात मूत्रपिंड. ह्यात एक फुफ्फुस, अख्खं.’

‘ई! म्हणजे सगळं कापायचंच?’

‘सगळं.’

‘म्हणजे आपण इतके दिवस खाटकाच्या दुकानात बसलोय!’ जाड्या म्हणाला आणि वर्ग खदखदून हसला. ताईंनाही हसू आले. अर्ध्या तासात एवढी अवयवांची रास उपसून पुन्हा चिमट्यांना टांगणारी पिढी त्यांनीच तर घडवली होती.

दार लोटून भाऊ आत आला. हातात स्पर्धेच्या पत्रकांचा गठ्ठा होता. हसणे ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण तो बोलण्याआधीच तोफेने नव्या कार्डाकडे बोट दाखवले.

‘मग ह्यात काय काढतात?’

‘गळ्यातली बोलायची पेटी. पूर्ण काढली की टोटल.’

‘मग ते माणूस बोलतं कसं?’

‘शिकलं तर यंत्र लावून थोडंफार घरघरतं. स्वतःच्या आवाजात नाही.’

‘कुणाची काढणार आहेत?’ हे जाड्याने विचारले. त्याला आता चेष्टा सुचत नव्हती.

‘माझी,’ ताई म्हणाल्या. ‘सोमवारी.’

खाली टायरमध्ये हवा भरण्याचा आवाज येत होता. भावाने पत्रकांचा गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तो दोरीवरच्या कार्डाकडे पाहत होता. आपल्याच हाताने लिहिलेला शब्द तो बहुधा पहिल्यांदाच वाचत असावा. मग त्याच्या तोंडून जे निघाले ते असे:

‘मग फायनलला वाचणार कोण?’

‘सर!’ तोफ म्हणाली.

एवढेच. पण वर्गातले यच्चयावत डोकी भावाकडे वळली आणि त्याने स्वतःचे वाक्य ऐकले. त्याने पत्रके बाकावर ठेवली. ती घसरून खाली पडली, तरी कोणी उचलली नाहीत. ‘सुट्टी,’ तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून निघून गेला. सुट्टी कोणाला दिली, हे त्याने सांगितले नाही.

शनिवारी सकाळी, टायरवाल्याचे शटर उघडण्याआधी, तो ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला. डोळे तांबारले होते, पण बोलणे कामाचे होते. काही माणसांना दुःखही कामाच्या भाषेतच करता येते.

‘सगळ्या दोऱ्या रेकॉर्ड करून ठेवू,’ तो म्हणाला. ‘दोन दिवसांत जमेल तेवढ्या. तुझा आवाज राहील, ताई.’

ताईंनी यंत्राकडे पाहिले. आपला आवाज राहणार, आणि त्यात एकही वाक्य नसणार. आईने शिकवलेला एकही शब्द नसणार. उरणार ते पुठ्ठ्यावरचे भंगार. नकार देण्याचेही त्राण नव्हते. शिवाय हा वेडा माणूस, ह्याच्याकडे देण्यासारखे हे एवढेच होते आणि तेच तो घेऊन आला होता.

‘वाचते,’ त्या म्हणाल्या. ‘पण अर्थासकट. आपल्या भाषेत.’

‘ताई, अर्थ सांगत बसलीस तर वेळ...’

‘माझाच जातोय.’

भावाने कानांवर हेडफोन चढवला आणि बटण दाबले. ताई वाचू लागल्या. एक शब्द, मग एक साधे वाक्य, मग घोटभर पाणी. भाऊ सवयीने बोटांवर अक्षरे मोजत होता. हळूहळू बोटे थांबली. हेडफोनमध्ये दुसरे काही ऐकण्याची सोय नव्हती. फाटलेला, हवा मिसळलेला आवाज थेट त्याच्या कानात येत होता.

एक्टमीच्या दोरीशी त्या पोहोचल्या तेव्हा बोलणे कुजबुजीवर आले होते. नवे कार्ड आले. त्यांनी ते वाचले आणि पुढे म्हणाल्या, ‘गळा चिरून आवाजाची पेटी काढणे. सोबत जवळचं माणूस लागतं.’

यंत्रावरचा लाल दिवा जळत होता. भावाचा हात बटणाकडे गेला आणि ते न दाबताच परत मांडीवर आला.

‘सोमवारी किती वाजता निघायचं?’ त्याने विचारले.

‘सातला.’

‘मी साडेसहाला तुझ्या घरी येतो. तू जिने उतरू नकोस, मी वर येतो.’

हेही सगळे ध्वनिमुद्रित झाले. ताईंनी मान हलवली, पाण्याचा घोट घेतला आणि पुढचे कार्ड वाचले. ते मूत्रपिंडाचे होते.