दोन्ही चौतीस

माझी बायको गौहर गेली त्या सकाळी आमच्या मुलीला ते कोणी सांगितलं नाही. तिला ते थर्मामीटरवरून कळलं.

रात्री गौहरच्या छातीत दुखायला लागलं. मी आणि तिचा भाऊ इम्तियाज तिला घेऊन यवतमाळला निघालो. दारव्ह्याच्या पुढे गाडीतच ती गेली. उजाडता उजाडता आम्ही तिला दिग्रसला परत आणलं. मुलगी गझाला नागपूरला हॉस्टेलवर होती, फिजिक्सच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष. आमच्याकडे एकट्या माणसाला अशी खबर फोनवर देत नाहीत. तब्येत बिघडली म्हणायचं, घरी आणायचं, मग सांगायचं. इम्तियाजनं नागपुरातल्या ओळखीच्या माणसाला गाडी घेऊन तिच्याकडे पाठवलं होतं. गाडी पोचायच्या आधीच गझालाचा रोजचा फोन आला. गौहरचा फोन माझ्या खिशात होता.

"अब्बा? अम्मी कुठं हाये?"

"आत हाये," मी म्हणालो. आत बायका तिला शेवटची आंघोळ घालत होत्या.

"मंग तुमीच सांगा आकडे."

हे आकडे काय ते सांगतो. माझं कूलरचं दुकान आहे. लहानपणी गझाला दुकानात बसायची आणि विचारायची, गवताच्या जाळीवर पाणी पडलं की हवा थंडी काहून होते? मी म्हणायचो, पाणी हवेची गरमी खाते. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, म्हणून ती शिकत गेली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिनं मला जुन्या खिडकीच्या झडपांची एक पेटी करायला लावली. पांढरा रंग दिला, मागच्या अंगणात छातीइतक्या उंचीवर उभी केली. आत दोन थर्मामीटर. एक उघडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलचा कपडा, कपड्याचं शेपूट पाण्याच्या छोट्या बाटलीत. हवा कोरडी असली की ओल्या कपड्यातलं पाणी उडतं आणि तो थर्मामीटर खाली राहतो. दोघांत फरक किती, त्यावरून हवेत पाणी किती ते समजतं. उन्हाळ्यात बाटली रोज भरावी लागते. ते गौहर करायची. "हा थर्मामीटरचा कूलर हाय," असं ती म्हणायची, आणि मला चिडवायची, "तुमच्याहून बरा चालते."

गझालाला हवेचंच शिकायचं होतं. गरमी आणि ओल एकत्र आली की शेतात निंदण करणाऱ्या बाईच्या अंगावरचा घाम वाळत नाही, ती चक्कर येऊन कधी पडेल, हे तिला आधी सांगता यायला हवं होतं. त्यासाठी ती हे आकडे जमवत होती.

मी पेटी उघडली. "चौतीस," मी म्हणालो. "दुसराबी चौतीस."

"दोन्ही? पाऊस हाये का तिकडं?"

"नाई. कडक ऊन हाये."



"बाटली पाहा, अब्बा."

बाटली कोरडी होती.

"अम्मी बाटली कोरडी ठेवत नाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "अब्बा, अम्मीले काय झालं?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी तसाच उभा राहिलो, फोन कानाला लावून, आणि ती तिकडे रडत होती ते ऐकत राहिलो.

दुपारी ती आली. मग दफन झालं. तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणलं. नवरा गेला तर बाईला इद्दत असते, घरात बसायला मिळतं. पुरुषाला तसं काही नाही. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. मे महिना होता, लोकांचे कूलर बंद पडले होते.

गझाला घरीच राहिली. परीक्षा झाली होती. पुण्याच्या एका संस्थेत पीएचडीसाठी मुलाखत होती, हवेच्या फिजिक्ससाठी. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मी पुण्याले नाई जात. बीएड करते. इथंच शाळेत लागते."

माझी मोठी बहीण जेबा डबा घेऊन आली होती. ती खूश झाली. "बरं झालं बाई! हवा शिकाले पुण्याले कायले जा लागते? इथं काय हवा नाई का?"

"इथली हवा गरम हाये, फुफी," गझाला म्हणाली. तेवढंच.

मला वाद घालता येत नाही. ते काम गौहरचं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे फजरची नमाज झाली की बाटली भरायला लागलो आणि नाश्त्याच्या वेळी गझालाला आकडे सांगायला लागलो. ती ऐकायची, फोनमध्ये टाकायची. एका सकाळी दोन आकड्यांतला फरक फारच कमी ऐकून तिनं कप खाली ठेवला आणि अंगणात गेली.

"अब्बा, हे काय हाये?"

कपडा कडक झाला होता. वर पांढरं बसलं होतं.

"कोणतं पाणी घातलं?"

"कूलरच्या टाकीतलं."

"बोरचं! साऱ्या दिग्रसले सांगता ना, बोरचं पाणी नोका टाकू, जाळीवर खार बसते? आन आपल्याच घरी?"

"मंग तुही अम्मी कोणतं घालत होती?"

"बॅटरीत टाकाचं, त्यात खार नसते. इन्व्हर्टरवाल्याकडून आणे ती."

मला हे माहीत नव्हतं. रोज माझ्या दुकानावरून जाऊन शेजारच्या दुकानातून ती ते पाणी आणायची आणि मला वाटायचं दही आणायला गेली. मी हसलो. गझालाही हसली, आणि हसता हसता दोघांनाही रडू आलं.

"तुमच्यानं नाई होत हे," ती डोळे पुसत म्हणाली.

"होत नाई तं शिकव. मी काय पोटातून कूलर शिकून आलतो?"

तिनं नवीन मलमल कापली, गाठ कशी द्यायची ते दाखवलं. माझ्या जाड बोटांना ती गाठ येईना. ती थांबली, मी पुन्हा बांधली.

"मी गेली तं तुमी जेवणार नाई," ती गाठीकडे पाहत म्हणाली.

"जेबा डबा देते. सोबत टोमणाबी देते. पोट भरते."

"घरी आलं तं कोणीच नाई राहणार, अब्बा."

"नाई राहणार," मी म्हणालो. "तू शाळेत लागली तरी तुही अम्मी नाई येत, बेटा. पण तू इथं बसली तं तिनं तीन उन्हाळे बाटली कायले भरली?"

त्या आठवड्यात ती हॉस्टेलचं सामान आणायला म्हणून नागपूरला गेली. रोज सकाळी फोन करायची, गौहरच्याच नंबरवर. मी आकडे सांगायचो. ती विचारायची, कपडा मऊ हाये का, पाणी कोणतं. एका सकाळी मागून गाड्यांचा आवाज आला.

"कुठं हाये तू?"

"पुण्यात. आज मुलाखत हाये. आकडे सांगा लवकर."

मुलाखतीत त्यांनी तिचे तीन उन्हाळ्यांचे आकडे पाहिले. एकानं बोट ठेवून विचारलं, भर उन्हात दोन्ही थर्मामीटर सारखे कसे? तिनं सांगितलं, त्या दिवशी बाटली कोरडी होती. का कोरडी होती? भरणारं माणूस नव्हतं, ती म्हणाली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तिला घेतलं.

आता ती पुण्यात आहे. मी बॅटरीचं पाणी आणतो. इन्व्हर्टरवाला लखीराम पहिल्या दिवशी म्हणाला, "वहिनीच्या जागी आता तुमी गिऱ्हाईक झाले का, मुख्तारभाई?" आणि मग मान खाली घालून बाटली पुसत राहिला. गाठ मला अजून गौहरसारखी येत नाही, पण कपडा ओला राहतो. पाऊस लागल्यापासून दोन्ही आकडे जवळ जवळ येतात, तेव्हा गझाला फोनवर हळूच विचारते, "बाटलीत पाणी हाये ना, अब्बा?" मी म्हणतो, "हाये."

तिचे सर म्हणतात, त्या सकाळचा तो चुकीचा आकडा काढून टाका. बरोबर आहे. मी तिला विचारलं, काढला का? ती म्हणाली, काढते. काल पुन्हा विचारलं.

तो अजून काढायचा राहिला आहे.