लांगुईच्या पाठीवरची करंडी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची करंडी आहे. पाठीवर घ्यायची आणि कपाळावरच्या पट्ट्याने तोलायची. आता माझी कूस फाटली आहे आणि खरे सांगायचे तर बोलायचाही शीण होतो. पण तुम्ही जवळ येऊन बसलाच आहात, तर ऐका.

तैवानच्या मधल्या डोंगररांगेखाली आम्हा बुनुन आदिवासींचे गाव आहे. तिथल्या हैसुलने मला आपल्या मुलीसाठी विणले. लांगुई तिचे नाव. गिर्यारोहकांचे सामान शिखरांकडे वाहून न्यायचे काम तिने धरले, तेव्हा गावातले ओझेवाले हसले.

"हैसुल, पोरीला नवरा बघायचा सोडून करंडी कसली विणतोस?"

"नवरा डोक्यावर बसतो, करंडी पाठीवर. त्यातल्या त्यात हलकं ते देतोय तिला," हैसुल म्हणाला आणि वेत ओढत राहिला.

मग सुरू झाली पायपीट. तांदूळ, तंबू, गॅसची टाकी, भली मोठी पातेली. एकदा तर कुणाचे तरी कलिंगड! जपानी अमलात कड्यात खोदलेली जुनी वाट आम्ही तुडवत असू. याच वाटेने जपानी शिपायांनी हैसुलच्या वडिलांना बंदुकीच्या धाकाने डोंगरावरून खाली आणले होते. त्यांच्या घराच्या दगडी भिंती अजून वाटेवर उभ्या आहेत. लांगुई तिथे बाजरीच्या दारूचे दोन थेंब शिंपडायची. म्हणायची, "आजोबा, मीच आहे. परक्यांचं ओझं घेऊन तुमच्या दारावरून चाललेय."

शिखरावर लोकांची छायाचित्रे निघत, तेव्हा आम्ही खाली छावणीत भात शिजवत असू. "काय सुंदर करंडी आहे!" असे मात्र पुष्कळ जण म्हणत. ती वाहणाऱ्या लांगुईकडे फारसे कुणी बघत नसे.

एका शरद ऋतूत शिये काका आले. निवृत्त बसचालक. बायको गेल्यावर रिकामे घर खायला उठायचे, म्हणून डोंगर चढू लागलेले. बेटावरची शंभर उंच शिखरे चढायची, हे इकडच्या पुष्कळांचे वेड. काकांचे हे शंभरावे. वाट शिखराखालूनच पुढच्या छावणीला जायची, म्हणून ओझे घेऊन आम्हीही सोबत होतो. शिखर समोर आले आणि पायाखालचा दगड निसटला. नडगी मोडली. दरी ढगांनी गच्च भरलेली, हेलिकॉप्टर येण्याची आशा नव्हती. फोन लागत नव्हता. सोबतचे दोघे मदत आणायला खाली धावले.

काका धुक्यात गेलेल्या शिखराकडे बघत होते. "पोरी, एवढीशी चढण राहिलीय. आधी तिथवर ने, मग खाली ने."

"काका, पाऊल गार पडलंय तुमचं. उशीर केला तर पाय जाईल."

"पाय माझा आहे!"

"पाठ माझी आहे," लांगुई म्हणाली.

तिने माझ्यातले सामान खडकाआड ठेवले आणि कमरेचा सुरा काढला. क्षणभर थांबली. "बाबा, माफ करा," असे पुटपुटत तिने माझ्या कुशीला दोन भोके पाडली. काकांचे पाय त्यातून बाहेर काढले, मोडका पाय काठीला बांधून दोरीने आडवा टांगला. पाठीला पाठ लावून ते बसले आणि ती खडकाला धरून कशीबशी उठली. इतके जड ओझे मी कधीच वाहिले नव्हते.

जरा खाली उतरलो आणि वरचे धुके फाटले.

"दिसतंय," काका म्हणाले.

"काय?"

"शिखर. लख्ख. तू वळू नकोस, पाय घसरेल. मी सांगतो."

ती खाली बघून पावले टाकत होती आणि ते मागे राहिलेल्या शिखराबद्दल सांगत होते. ऊन पडलंय. कातळ सोन्यासारखा झालाय. आता अर्धंच दिसतंय. आता वळणाआड गेलं. मग त्यांचे अंग हुंदक्यांनी हलू लागले. माझा एकेक वेत ते हलणे झेलत होता.

आजोबांच्या जुन्या घरापाशी काका म्हणाले, "मला इथं उतरव. जरा टेक."

"उतरवलं तर परत उचलायला हात कोण लावणार? इथले सगळे मेलेत, काका."

ती थांबली नाही.

रस्त्यावर गाडी उभी होती, माणसे जमली होती. "खाली बस, खाली बस!" लोक ओरडले. सगळे काकांना धरायला धावले. लांगुईला कुणी धरले नाही. ती सगळ्या भारासकट खडीवर गुडघ्यांवर आपटली. तिच्या गुडघ्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे इतरांना ऐकू आला नसेल.

काकांचा पाय वाचला, पण लंगडा झाला. लांगुईने पुन्हा ओझे उचलले नाही. नव्या ओझेवाल्यांकडे अॅल्युमिनियमच्या चौकटी आल्या. मी गावातल्या मुक्कामघराच्या दाराशी पडून आहे. पाहुणे माझ्यात ओल्या छत्र्या खुपसतात.

काका दर वर्षी अननसाच्या वड्या घेऊन येतात. दोघेही पाय पसरून अंगणात बसतात.

"त्या दिवशी वर नेलं असतंस तर?"

"तर आज वड्या कोणी आणल्या असत्या? खा गुमान."

कधी काका हसतात. कधी नाही हसत.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणणार नाही. वेताला कीड लागायचीच. मागणे एवढेच आहे. तुम्ही डोंगरावर जाल, तेव्हा कुणीतरी तुमचे ओझे घेऊन पुढे गेलेले असेल. तो मुक्कामाला पोहोचला की आधी त्याच्यामागे जाऊन उभे राहा. चढताना माणूस जिद्दीवर चढतो. ओझे उतरवताना मात्र त्याला दुसऱ्याचे हात लागतात.