देण्याघेण्यातली साडी

मी देण्याघेण्यातली साडी बोलतेय. नेसायची नव्हे. दुकानात आमचा गठ्ठाच वेगळा. गिऱ्हाईक म्हणतं, "द्यायला दाखवा," की दुकानदार न बघताच आमच्यात हात घालतो.

अंग माझं जांभळं, काठ पिवळा. भिंगारच्या बाजारातून निघाले ती बेलापूरच्या लग्नात, तिथून जामखेडच्या बारशाला, मग कुणाच्या साखरपुड्याला. बायका पिशवीवरूनच मला चाचपायच्या, तोंडावर "अगं बाई, कशाला एवढं!" म्हणायच्या आणि पेटीत कोंबायच्या. घडी एकीनंही मोडली नाही.

शेवटी फिरून भिंगारलाच, एंजेला मावशीच्या पेटीत पडले. तिची भाची जास्मिन मदतसंस्थेत नोकरीला. मोझांबिकमध्ये वादळानं नदी गावात शिरली, तशी जास्मिन तिकडं निघाली. मावशीला भारी कळवळा आला. मला गाठोड्यात घालत म्हणाली, "नवीकोरी हाय बरं का! एकदाबी नेसली न्हाई." ते मात्र खरं होतं. माझ्या शेजारी मफलर, नेकटाय आणि कुणा नवरदेवाचा फेटा. घरं वाहून गेलेल्यांना फेटा!

तिकडं जास्मिनचा दिवस म्हणजे हमाली. ट्रकमधली तांदळाची पोती उतरवायची, भिजलेली बाजूला काढायची, रांगेतली भांडणं सोडवायची. वर त्या उकाड्यात मफलर वाटताना मान खाली घालायची. बायकांनी हातवारे करून साबण मागितला. साबण आला, पण अंघोळ कुठं करणार? तंबू उघड्या माळावर. चिखलानं अंगावर पुरळ उठलं, तरी बायका तशाच बसून.

जास्मिननं बांबू रोवले, पिशवी फाडली आणि माझी घडी मोडली. मी एवढी लांब आहे हे मलाच ठाऊक नव्हतं! पातळ आहे, म्हणून तिनं मला बांबूंभोवती दुहेरी गुंडाळली. झाली न्हाणी! मारिया नावाची बाई आत शिरली. पहिला तांब्या अंगावर पडला आणि ती मोठ्यानं हसली.

तेवढ्यात तुकडीचे प्रमुख राधाकृष्ण सर कॅमेरा घेऊन आले.

"जास्मिन, ती साडी सोड. देणाऱ्यांना फोटो पाठवायचाय. इथली बाई साडी नेसून हात जोडून उभी, असा."

"सर, आत बाई हाय."

"अगं, जरा वेळाचं काम. फोटो काढू, परत बांधू."

"मग तुमची पँट द्या. फोटो काढू, परत देऊ."

सर लालबुंद झाले. "फोटो गेला नाही तर पुढचा माल थांबेल. मग तुझी न्हाणी बघत बसतील का लोक?"

जास्मिननं पोत्यांकडं बघितलं. माल थांबला तर तांदूळ थांबणार. मग म्हणाली, "असाच काढा फोटो."

तिनं मारियाला खुणेनं विचारलं. मारियानं माझ्यावरून साबणाचा हात उंचावला. सरांनी नाक मुरडत फोटो काढला.

फोटो भिंगारला पोचला आणि मावशीचा फोन आला. "माझ्या एवढ्या चांगल्या साडीची न्हाणी केलीस व्हय गं?"

"मावशे, एवढी चांगली हुती तर तू का न्हाई नेसलीस?"

मावशीनं फोनच ठेवला.

माल थांबला नाही. उलट फोटो बघून भिंगारच्या बायकांनी पेट्या उपसल्या, आणि आमची सगळी भावकी इकडं आली. आता माळावर न्हाण्यांची रांग आहे, हिरवी, गुलाबी, मोरपंखी.

मी पार विटलेय. काठ उसवलाय, साबणानं रंग गेलाय. एकच मागणं आहे, मला परत पाठवू नका. धुऊन, घडी घालून पुन्हा कुणाच्या तरी लग्नात द्याल. तुमचा काय भरवसा?