नाही म्हणायचं नाही

रविवारी दुपारी आमच्या कुटुंबात नाही म्हणायला बंदी असते. हे खूळ माझ्या मुलीचं. तिच्या ऑफिसात कसलंसं शिबिर झालं, तिथून ती हा नाटकाचा खेळ शिकून आली. एकाने काहीही फेकायचं, दुसऱ्याने "हो, आणि" म्हणून ते पुढे न्यायचं. जिथे रजा मागितली की तोंडावर नकार मिळतो, तिथे हे शिकवतात म्हणजे कमालच आहे!

मी आयुष्यभर लोकांना मोटार शिकवली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, त्यामुळे शिकणारा कितीही सैरभैर झाला तरी मी निवांत. या खेळात तसा ब्रेक नाही, म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडलं. पुढे मात्र चटक लागली. मोबाईल डब्याला टेकवून व्हिडिओ कॉलवर मी कधी राजा झालो, कधी देवमाशाच्या दातांचा डॉक्टर. ही गेल्यापासून आठवड्यात तेवढंच काय ते मोठ्याने बोलणं व्हायचं.

एका रविवारी माझी पाळी आली. मी म्हणालो, "समजा, मी हे घर सोडलं. जिने चढवत नाहीत, एकट्याने घास उतरत नाही. मी दादाकडे कायमचा राहायला येतोय."

"हो, आणि खिडकीजवळची खोली तुमची," दादा, म्हणजे माझा मुलगा, लगेच म्हणाला.

"हो, आणि गाडीत पुढची सीट बाबांचीच," सूनबाई मागून ओरडली.

"हो, आणि ब्रेक पण आजोबांचा!" नात म्हणाली. तिला आम्ही चिमणी म्हणतो.

सगळे खदखदून हसले. मीही हसलो आणि चष्मा पुसला.

आता खरं सांगतो. मी ते मुद्दाम खेळात विचारलं. एरवी फोनवर विचारायला जावं तर जीभ अडखळायची आणि "गाडीची सर्व्हिसिंग केलीस का?" एवढंच बाहेर पडायचं. खेळात कुणाला नाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिथे विचारलं आणि मिळालेला होकार खरा धरून बसलो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंना सांगून आलो, जागा सोडतोय. पलंग शेजाऱ्यांना देऊन टाकला. हिचं कपाट तेवढं ठेवलं.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच मी मुलाला विचारलं, "खिडकीजवळ आपलं कपाट मावेल का रे?"

"हो, आणि—" तो हसत म्हणाला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. मागे सूनबाईच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. "बाबा, तुम्ही खरंच...? म्हणजे नाही असं नाही, पण त्या खोलीत हिचं ऑफिसचं काम चालतं. चिमणीची परीक्षा आहे. जरा बघू या."

समोर ट्रक दिसला की नवशिका स्टिअरिंग सोडून डोळेच मिटतो. तसा दिसला मला तो. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"अरे, खेळ सुरू झाला की! कसा फसवला?"

तो हसला. फार पटकन हसला. तेवढं पटकन तो हसायला नको होता.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, नाही जमायचं. मी दुसऱ्यांना शब्द दिलाय." बाईंचा राग आला नाही. निदान त्यांनी तोंडावर तरी सांगितलं.

मग एका गॅरेजच्या मागची खोली घेतली. तळमजल्यावर आहे, जिने नाहीत. ग्रीसचा वास येतो, पण तो मला परका नाही. कपाट दारातून आत येईना, तेही देऊन टाकलं. मुलांना काही कळवलं नाही.

रविवारी फोन लावला तर चिमणीच्या लगेच लक्षात आलं. "आजोबा, तुमची भिंत हिरवी कशी झाली?"

मी म्हणालो, "समजा, मी घर सोडलं. आता गॅरेजमागच्या एका खोलीत राहतो. पलंग नाही, खाली गादी घालतो."

"हो, आणि गॅरेजमध्ये एक हत्ती येतो," मुलगी म्हणाली.

"हो, आणि आजोबा त्याला गाडी शिकवतात!" चिमणी टाळ्या पिटत म्हणाली.

पाळी मुलाची होती. "हो," तो म्हणाला. आणि पुढचं काही त्याला सुचेना. तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता, मग खालच्या गादीकडे. बाहेर कुणीतरी हातोडीने पत्रा ठोकत होतं, ते त्यालाही ऐकू गेलं असणार. त्याने एकदा, फक्त एकदा, "बाबा, हे खरं आहे का?" असं विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो. मी वाट बघितली.

"दादा, बोल ना, नाहीतर बाद!" मुलगी ओरडली.

मला तो तसा अडकलेला बघवेना. शेवटी त्याची पाळी मीच घेतली.

"हो, आणि हत्ती ब्रेकवरचा पाय काढतच नाही."

सगळे हसले. तो सगळ्यांत शेवटी हसला.